जावळाचा कॅमेरा

तिसराही कॅमेरा हलला, तेव्हा नाथाची खात्रीच पटली की हा हैबतराव आपल्याला भंगार दाखवतोय.

"शेठ, रोह्यावरनं एस्टीचे धक्के खात पेणला आलोय ते ह्ये बघायला?" तो कडाडला. "टीव्हीवर बघा जरा. भूकंप झाल्यावानी हालतंय!"

हैबतरावाचं दुकान मूळचं रेडिओ दुरुस्तीचं. पण आखातात नोकरीला गेलेली माणसं सुट्टीवर येताना व्हिडिओ कॅमेरे आणायची आणि हौस फिटली की त्याच्याकडे विकून टाकायची. त्यामुळे शहाण्णव साली पेणमध्ये स्वस्तातला कॅमेरा हवा असला, तर त्याच्या दुकानाशिवाय पर्याय नव्हता. नव्या कॅमेऱ्याची किंमत ऐकून नाथाला मघाशी पायरीवरच घाम फुटला होता. तेवढ्यात एक चांगली म्हैस आली असती. शेवटी जुन्यातलाच बघायचं ठरलं, दहा हजारांच्या आत. पैसे जावयाने बोनसातून दिले होते. हैबतराव कॅमेऱ्याची वायर टीव्हीला जोडून द्यायचा, आणि नाथा कॅमेरा भिंतीवरच्या कॅलेंडरवर धरायचा. कॅलेंडरवरची लक्ष्मी टीव्हीवर थरथरत उभी राहायची.

कॅमेरा हवा होता नातवाच्या जावळासाठी. कार्यक्रम आठ दिवसांवर आला होता. नाथाची लेक नमिता पेणला दिलेली, आणि तिचाच हट्ट होता की व्हिडिओ काढायचा आणि तो बाबांनीच काढायचा. नाथाला आधी हसू आलं होतं. ज्या माणसाने लग्नातसुद्धा फोटोवाल्याकडे सरळ बघितलं नाही, त्याच्या हाती कॅमेरा? पण लेकीने लाडाने मागितलं की बापाचं डोकं चालायचं थांबतं. नाथाचंही थांबलं.

नाथाचं रोह्यात स्टँडजवळ सलून होतं. दोन खुर्च्या, समोर लांब आरसा. बाराव्या वर्षी तो बापाशेजारी बाजारात पोत्यावर बसून हजामत शिकला. नंतर कंपन्या आल्या, शिफ्ट सुटल्यावर रांगा लागू लागल्या, आणि करंगळी उचलून, मनगट किंचित आत वळवून, झोपलेल्या गिऱ्हाइकाची झोप न मोडता दाढी करणारा नाथा म्हणून त्याचं नाव झालं. रोह्यालगतच्या वरश्यात दोन खोल्यांचं घर झालं ते त्याच वस्तऱ्यावर. नमिताची आणि आता दुसरी खुर्ची सांभाळणाऱ्या मुलाची, प्रविणची, जावळं त्यानेच काढली होती, अर्ध्या तालुक्याचीही. आता नातवाचं काढायचं, एवढीच इच्छा. त्यासाठी नवा वस्तरा आणून त्याने कापडात गुंडाळून ठेवला होता.

गेलं दीड वर्ष मात्र धंद्याला काहीतरी झालं होतं. गिऱ्हाईक यायचं, केस कापून घ्यायचं आणि म्हणायचं, "दाढी ऱ्हाऊ दे नाथाभाऊ, घरीच केली." नाथाने दोष दिला टीव्हीला. दोन पात्यांच्या त्या वस्तऱ्यांच्या जाहिराती लागल्या की तो सगुणाला म्हणायचा, "बंद कर गो तो डबा, आपल्या पोटावर पाय देतोय." सगुणा, त्याची बायको, लगेच टीव्ही बंद करायची.

तर हैबतरावाच्या दुकानात भूकंप चालू होता.

"चौथा बघा," हैबतराव शांतपणे म्हणाला. "दोनदाच वापरलाय. कुवेतचा."

नाथाने कुवेतचा कॅमेरा उचलला. बटण दाबून चित्र जवळ आणलं. लक्ष्मीचा चेहरा टीव्हीभर झाला आणि डावीउजवीकडे असा धावू लागला की नाथालाच गरगरलं.

"ह्यो तर सगळ्यात खराब!"

हैबतरावाने त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्यासोबत आलेल्या नमिताकडे. मग म्हणाला, "ताई, तुम्ही धरा जरा."

नमिता मागे सरली. "नको, मला नाय जमत."

"धर की, नमे! कळू दे शेठला बी," नाथाने कॅमेरा तिच्या हातात कोंबला.

तिने धरला. टीव्हीवरची लक्ष्मी कमळात निवांत उभी राहिली. हात वर करून आशीर्वाद देत होती, आणि तो हात अजिबात हलत नव्हता.

नाथा टीव्हीकडे बघत राहिला. मग त्याने कॅमेरा परत घेतला. लक्ष्मी थरथरली. नमिताला दिला. थांबली. असं त्याने तीनदा केलं. तिसऱ्या वेळी त्याने कॅमेरा काचेच्या काउंटरवर ठेवला आणि आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरला. अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर बारीक, भराभर आपटत होती. त्याने मूठ आवळली. मूठही हलत होती. हे त्याने पूर्वी पाहिलं नव्हतं असं नाही, पण चहा जास्त झाला, जागरण झालं, वय झालं, असं म्हणून सोडून दिलं होतं. हात गिऱ्हाइकाच्या गालावर टेकला की स्थिर वाटायचा. आता मात्र तोंडचं पाणी पळालं.

त्याने नमिताकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. त्या एका गोष्टीने नाथा मुळापासून हादरला.

"तुला ठाव होतं?"

नमिताने होकारार्थी मान हलवली.

नाथा स्टुलावर बसला. त्याचं डोकं आता भलत्याच वेगाने चालू लागलं. जावळाला पोर मामाच्या मांडीवर बसतं. मामा म्हणजे प्रविण, त्याचे दोन्ही हात पोराला धरण्यात गुंतलेले. कॅमेरा माझ्या हातात.

"नमे," त्याने विचारलं, "मग वस्तरा कोण धरणार व्हता?"

नमिताने पदराने डोळे पुसले.

"रघूदादाला सांगितलंय, बाबा."

रघू! ज्याला नाथाने कात्री धरायला शिकवली, पाच वर्षं आपल्या ताटात जेवू घातलं, तो रघू. आता कोलाडच्या नाक्यावर त्याचं स्वतःचं सलून होतं. म्हणजे नातवाच्या डोक्याला हात लावायला बाहेरून माणूस ठरवला होता, आणि आजोबाच्या हातात खेळणं द्यायचं होतं. त्यासाठी जावयाने बोनस मोडला होता. नाथाचा जीव जळला.

"प्रविणला ठाव हाय?"

"त्यानंच सांगितलं मला. बाबा, तुम्ही दुपारी जेवायला घरी जाता ना, तवा येतात दाढीची गिऱ्हाइकं. प्रविण करतो. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून सगळे..."

"सगळे?"

"आई बी."

म्हणजे अख्खा रोहा. कंपनीतले फिटर, स्टँडवरचे कंडक्टर, ज्यांच्या मानेवर गेल्या वर्षी बारीकसं रक्त आलं होतं आणि जे "पुटकुळी असंल" म्हणून स्वतःच तुरटी फिरवून उठले होते ते शाळेचे मास्तर. दीड वर्ष सगळ्यांनी त्याला सांभाळलं होतं, आणि तो टीव्हीला शिव्या घालत बसला होता. नाथाला लाज वाटली, राग आला, आणि त्या दोन्हींच्या खाली कुठेतरी त्या माणसांबद्दल भरूनही आलं.

हैबतरावाने घसा खाकरला. "भाऊ, हा एक आहे बघा. ह्यात बटण आहे. हात हलला तरी चित्र तेवढं हलत नाही. तीन हजार जास्त पडतील. आणि हात डॉक्टरला दाखवून घ्या."

"चालेल, देते मी," नमिता घाईने म्हणाली.

नाथाने त्या बटणावरून एकदा बोट फिरवलं. मग तो उठला आणि त्याने कुवेतचा कॅमेरा उचलला.

"ह्योच द्या. हाललं तर हालू दे. दीड वर्ष झाकलंत तेवढं पुरे झालं. आन् नमे, रघूला सांग, पोराला मांडीवर त्यानं घ्यायचं. माझ्या घरात वाढला, तुझा भाऊच हाय तो. वस्तरा प्रविण धरंल. वस्तरा घराभायेर जाणार नाय."

आठ दिवसांनी वरश्याच्या अंगणात तसंच झालं. सगुणाने प्रविणच्या हातात तो नवा वस्तरा दिला. रघूने पोराला मांडीवर घेतलं. पोराने भोकाड पसरलं, आणि नाथा कॅमेरा डोळ्याला लावून पुढे सरकला. सगळे त्याच्याकडे चोरून बघत होते. त्याने कोणाकडे पाहिलं नाही. बटण दाबून चित्र जवळ, अगदी जवळ आणलं, वस्तऱ्यापर्यंत.

ती टेप अजून आहे. चित्र पहिल्यापासून शेवटपर्यंत हलतं. त्यात प्रविणचा हात दिसतो, करंगळी उचलून धरलेली, मनगट किंचित आत वळवलेलं. पहिली बट खाली पडते. पोर रडतंय, बायका हसताहेत, आणि एकदम कॅमेऱ्याच्या मागून नाथाचा आवाज येतो, घाबरल्यासारखा मोठा.

"अगो सगुणा, हिकडं ये, बघ गो! ह्यो माझा हात हाय!"