बेलाने धर्मपित्यावर तक्रार केली त्याची गोष्ट

आमच्या गास गावात मी माझ्या मैत्रिणीचं, बेलाचं कौतुक सुरू केलं की लोक म्हणतात, "सुहासिनी, पुरे आता." नाही पुरे! ऐकावंच लागेल.

उमेळ्याच्या वळणावर फ्रेडरिकला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, लुईसच्या गाडीने उडवलं. लुईस त्यांच्या मुलाचा धर्मपिता, बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला हातावर घेऊन उभा राहिलेला. आता धर्मपित्यावर कोणी पोलिसात जातं का? घरच्यांनी हॉस्पिटलात चक्क सांगितलं, माणूस नारळावरून पडला. काय म्हणावं या डोक्यांना! फ्रेडरिक जन्मात कधी नारळावर चढला नव्हता.

मांडीचं हाड मोडलेलं. एक ऑपरेशन झालं, दुसरं व्हायचं होतं. बिलं बघून तिचा दीर घरची बागायती वाडी विकायची भाषा करू लागला. बेलाचा जीव त्या वाडीत. ती मला घेऊन वसईत वकिलाकडे गेली. माझं तर डोकं भणभणलं, पण ती प्रत्येक वाक्याला अडवून विचारायची, "म्हणजे काय? नीट सांगा."

शेवटी कळलं ते असं: गाडीचा विमा असतो तो दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई द्यायलाही असतो, आणि त्यात औषधपाण्याचा खर्चही मागता येतो. पैसे मिळायला वेळ लागतो, पण तोवर उसनवारी करता येते आणि वाडी वाचते. फक्त अपघाताची नोंद पोलिसात हवी. आणि आमचा तर नारळ!

बेला आधी लुईसकडे गेली. "तुझ्यावर केस होईल, मी लपवत नाही. पण भरपाई विमा कंपनी देईल, तुझ्या खिशाला हात लागणार नाही. मी उद्या खरं सांगणार आहे."

लुईस उठून बाहेर निघून गेला. त्याची बायको तोंड फिरवून आत गेली. परतताना बेला रडली. मी चिडून म्हटलं, "जाऊ दे तो मेला!"

"असं बोलू नकोस गं. आमचाच आहे तो."

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात तिने पहिलंच वाक्य टाकलं, "साहेब, आधी आम्ही खोटं बोललो." साहेबांनी विचारलं, "गाडी कोणाची?" तिच्या तोंडून नाव निघेना.

"माझी. मीच चालवत होतो."

दारात लुईस उभा होता. मला तर रडूच आवरेना.

जबाब झाल्यावर तो बाहेर मान खाली घालून उभा राहिला. बेला म्हणाली, "चल घरी. तू येत नाहीस म्हणून फ्रेडरिक रोज माझ्यावर चिडतो."