शनिवारच्या खोलीची चावी

माझ्या धाकट्या भावाला, प्रशांतला, स्किझोफ्रेनिया आहे. आमच्यासारख्या घरांचा एक गट दर शनिवारी भेटतो. पेशंट येतात, घरचेही येतात. कामं होतात कमी आणि किस्से जमतात ढीगभर. कुठे डोक्याला ताप झाला की आमच्यातल्या सुमनताई तिथल्या तिथे म्हणतात, "हे शनिवारी सांगजो वं."

*

अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी गेलो होतो. खिडकीतल्या साहेबांनी प्रशांतला वरून खाली न्याहाळलं. "हातपाय तर मजबूत आहेत याचे."

मी म्हटलं, आजार मनाचा आहे.

"पण तसा दिसून तर नाही राहिला."

माझं डोकंच फिरलं. प्रशांतनं मात्र शांतपणे विचारलं, "साहेब, कसा दिसू?"

*

मावशी येते तेव्हा एकच औषध सांगते. "लग्न करून दे वं त्याचं, सारं ठीक होते."

प्रशांत चहा देता देता म्हणाला, "मावशी, लग्न होऊन काकांची दारू सुटली का?"

मावशी दिवाळीपर्यंत फिरकली नाही. मला बरंच वाटलं.

*

मिहानच्या आयटी पार्कातल्या एका कंपनीत मला मानसिक आजारावर भाषणाला बोलावलं. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "मानसिक आजार म्हणू नका, निगेटिव्ह वाटतं. पॉझिटिव्ह थिंकिंग म्हणा." म्हटलं बाई, तसं म्हणते. तासभर बोलले, एकानं प्रश्न विचारला असेल तर शपथ.

पार्किंगमध्ये त्याच मॅडम मागून आल्या. एका मैत्रिणीसाठी डॉक्टरांचा नंबर हवा होता. त्यांच्यामागे मॅनेजर, मित्रासाठी. मग वॉचमन, तोही मित्रासाठीच. त्या कंपनीत कोणालाच काही नाही, जे काही आहे ते मित्रांना!

*

शनिवारसाठी आधी शहराबाहेर वाडीला गोदामावरची खोली मिळाली होती. खाली ट्रक घरघरायचे, त्यामुळे घरातली दुःखं ओरडून सांगावी लागत. एकदा सुमनताई ओरडल्या, "पोरगा तीन रात्री झोपला नाही!" तर एक ड्रायव्हर जिना चढून वर आला. "बाई, माह्या घरीबी असंच हाये. मी बसू का इथं?"

बसला. पुढे गोदामात माल वाढला आणि आमची खोली गेली.

*

महिनाभर वणवण केली. मंगल कार्यालय, वाचनालय, समाजभवन, सगळीकडे नकार. शनिवार बंद पडला तर सुमनताईंसारख्यांनी बोलायचं कुठे, या काळजीनं मला झोप लागेना.

शेवटी सदरच्या बाजारात एका दुकानदार काकांनी माडीवरची खोली दिली. अट एकच. "घरच्यांनी खुशाल या. पण पेशंट नको. खाली माझं गिऱ्हाईक राहते."

मी आणि सुमनताई भांडायला लागलो. तेवढ्यात प्रशांतनं कोपऱ्यातला झाडू घेऊन खोली झाडली, सतरंजी अंथरली, पंखा लावून पाहिला.

काका खूश झाले. त्यांनी चावी काढून त्याच्या हातात दिली. "हे तुमच्याजवळच ठेवा भाऊ. बाकीचे भांडून राहिले, तुम्हीच एक समजदार दिसता. शनिवारी दारात उभे राहा, पेशंट दिसला तर मले सांगा."

तेव्हापासून प्रशांत दर शनिवारी दारात उभा असतो. आलेल्या प्रत्येकाला "या, बसा" म्हणतो. संध्याकाळी कुलूप लावून खाली उतरतो तेव्हा काका गल्ल्यावरून विचारतात, "काय भाऊ, आला होता का कोणी?"

"नाही काका," प्रशांत म्हणतो. "सारी आपलीच माणसं होती."