आई वर बघते ती जागा

बाबांनी कधीकाळी काढलेली घरची फिल्म दुपारपासून मऊ कापडाने पुसतोय. कडेची फाटकी भोकं सांधता सांधता मान अवघडून गेली. एका जागी फिल्म जळून फुगली होती. अंगणात पापड वाळत घालणारी आई मान वर करून बघते, नेमकी तिथेच.

"ती गेल्यावर मी तिथे प्रोजेक्टर थांबवायचो," बाबा म्हणाले. "क्षणभरच. पण दर वेळी."

चालत्या फिल्मला दिवा काही करत नाही. डोळे भरून बघावं म्हणून थांबवली, की जाळतो. तेवढा तुकडा काढल्याशिवाय उरलेली फिल्म सुखरूप चालणार नव्हती. मी कात्री उचलली, तसे बाबा उठून आत गेले.

सांधा चांगला बसलाय. आता आई नुसती पापड घालत राहते, मान वर करत नाही.