कोळशाचा नमस्कार

“हा नमस्कार नाही,” डॉक्टर म्हणाले. “पोट दुखून राहिलं त्याचं.”

टेबलावर आमचा कुत्रा कोळसा पडला होता आणि डॉक्टरांच्या हातात आईचा फोन होता. फोनवर तिनंच काढलेला व्हिडिओ चालू होता. कोळसा देवघरासमोर पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवतो, मागचा भाग तसाच वर ठेवतो आणि बराच वेळ हलत नाही. आईनं तो उमरेडच्या सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. प्रत्येकाकडून जोडलेल्या हातांची चित्रं आली होती.

डॉक्टरांनी सांगितलं, याला प्रेयर पोझिशन म्हणतात. पोटात कळ आली की कुत्रा असं वाकतो, त्यानं त्याला जरा बरं वाटतं. मग त्यांनी रक्त घेतलं, सोनोग्राफी केली आणि आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवलं. दीड तासानं आत बोलावून एक शब्द सांगितला. पँक्रियाटायटिस. म्हणजे स्वादुपिंडाला आलेली सूज. हा अवयव अन्न पचवणारे रस तयार करतो. कुत्र्याच्या पोटात जास्त चरबी गेली की तो बिघडू शकतो, आणि मग ते रस त्या अवयवालाच जाळायला लागतात.

“वय काय?”

“बारा पूर्ण,” मी म्हणाले.

“मग परत परत होऊ देऊ नका. या वयात एखादा झटका असा येते की सलाइननंही सावरत नाही.”

हे मी लिहिते आहे ते म्हाताऱ्या कुत्र्याला काय खायला द्यावं हे शोधत बसलेल्यांसाठी. मीही तशीच शोधत बसले होते. चूक कुठं झाली ते मला उशिरा कळलं.

सुरुवात थंडीत झाली. एका रविवारी सकाळी कोळशानं पिवळी उलटी केली आणि जेवणाकडे पाठ फिरवली. दोन दिवसांत बरा झाला. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मला वाटलं, म्हातारपण. मी बाजारातून ‘सिनियर’ लिहिलेलं पाकीट आणलं होतं, त्यावर पांढऱ्या तोंडाच्या कुत्र्याचा फोटो होता. डॉक्टरांनी ते पाकीट मागवून घेतलं आणि उलटं केलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात फॅट किती ते लिहिलेलं असतं. “पुढं वय लिहून राहते,” ते म्हणाले. “आजार मागं वाचायचा.”

मग त्यांनी खुर्चीमागचं कपाट उघडलं. आत लो-फॅट खाद्याची पाकिटं रांगेत होती. लो-फॅट म्हणजे चरबी मुद्दाम कमी ठेवलेलं.

मला तिथेच शंका आली. आजार सांगणारा माणूसच औषधासारखं खाद्य विकतो, तेही स्वतःच्या कपाटातून. मी म्हणाले, विचार करून सांगते. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी कपाट बंद केलं आणि चिठ्ठीच्या पाठीमागे घरचं जेवण लिहून दिलं. मऊ भात, कातडी काढून उकडलेलं चिकन, उकडलेलं कोहळं, म्हणजे लाल भोपळा. तूप नाही, तेल नाही, बिस्किट नाही, टोस्ट नाही. दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. इतक्या लवकर ते तयार झाले याचीही मला शंका आली.

तीन दिवस सलाइन, मळमळ थांबवायचं इंजेक्शन, दुखणं कमी करायचं इंजेक्शन. तिन्ही दिवस मी त्या बाकावर बसून प्रत्येक बाटलीची तारीख वाचली. सलाइन लावताना कोळसा माझ्याकडे बघत राहायचा. तो पहिल्या दिवसापासून पूर्ण काळा. उमरेडहून मामानं पिल्लू असताना आणला तेव्हा बाबांनी त्याला एकदा बघितलं आणि नाव ठेवलं. आता हनुवटी राखाडी झाली आहे.

घरी आल्यावर मी एक वही केली. वेळ, काय खाल्लं, किती, शी कशी, उलटी झाली का. स्वयंपाक आईनं अंगावर घेतला. चिकनवरचं पाणी थंड करून वर जमलेला चरबीचा थर ती चमच्यानं काढायची. त्याच्या भांड्याला घरातला तेलकट चमचा लागू नये म्हणून तिनं वेगळा चमचा ठेवला. वहीत जेवणाच्या नोंदी तीच करायची, गोल अक्षरात. आईवर शंका घ्यायला जागाच नव्हती.

बाबांवर होती. बाबा कार्यालयातून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी सकाळी तर्री-पोहे आणतात. पोह्यांवर लाल तेलाचा रस्सा. कोळसा त्यांच्या पायाशी बसतो. मी वहीत बघितलं, घरी आल्यानंतरही चार उलट्या, चारही रविवारी. मला वेगळा पुरावा नको होता.

“तुम्ही त्याला तर्री देता का?”

“नाही ना बेटा.”

“एखादा घास?”

“नाही म्हटलं ना! आता माणसानं पोहेही खाऊ नये का या घरात?”

पुढच्या रविवारपासून बाबा ठेल्यावरच उभ्यानं पोहे खाऊन यायला लागले. घरात आले की मी त्यांच्या बोटांकडे बघायची. एकदा त्यांनी दोन्ही पंजे माझ्यासमोर धरले. “घे, वास घे.” ते हसत नव्हते.

त्याच सकाळी थोड्या वेळानं कोळशानं पुन्हा उलटी केली आणि पुन्हा वाकला, छाती खाली, मागचा भाग वर. आई देवघरात होती. तिनं त्याला बघितलं आणि तिचे हात जुळता जुळता थांबले. मी ते बघितलं, पण त्याचा अर्थ मला लागला नाही.

सोमवारी पुन्हा रक्त तपासलं. लायपेज, म्हणजे चरबी पचवणारा रस, वाढलेला होता. डॉक्टरांनी वही मागितली आणि बराच वेळ पानं उलटली.

“रविवारी काय खाल्लं ते तुम्ही बघून राहिल्या,” ते म्हणाले. “सकाळी उलटी होते ना? मग शनिवार बघा. शनिवार संध्याकाळी काय आहे इथं?”

तिथे लिहिलं होतं, फिरायला. एवढंच.

सकाळी कोळशाला बाबा फिरवतात, संध्याकाळी मी. फक्त शनिवारी संध्याकाळी आई देवळात जाते आणि त्याला सोबत नेते. हे थंडीतच सुरू झालं होतं. मला जावं लागत नाही म्हणून ते बरं वाटायचं. देवळाबाहेर ओळखीच्या बायका भेटतात आणि विचारतात, सध्या काय सुरू आहे. पदवी होऊन तीन वर्षं झाली आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नाही. मुलाखतीत मला घाम फुटतो.

त्या शनिवारी मी त्यांच्या मागे गेले. स्वतःच्या आईच्या मागे, वीसेक पावलं अंतर ठेवून, आमच्या हुडकेश्वर वस्तीच्या भर रस्त्यात. मला माझीच लाज वाटत होती, पण मी परत फिरले नाही. देवळाच्या भिंतीशी आई थांबली. मी तिच्या जवळच उभ्या असलेल्या एका कारच्या आड. कोळसा कुणी न सांगता बसला, त्याला माहीत होतं. आईनं पर्समधून स्टीलची डबी काढली. डबीतून पोळी काढली. पोळी तेलानं इतकी भिजली होती की तिच्या हातात ती कापडासारखी लोंबली. मी पुढं व्हायच्या आत कोळशानं ती दोन घासांत संपवली. आईनं हात जोडले.

“माह्या पोरीची साडेसाती सरू दे,” ती म्हणाली. “तिले कुठंतरी लागू दे.”

मी आधी घरी पोचले. आई कोळशाला घेऊन आली तेव्हा मी वही उघडून बसले होते, बाबाही तिथेच होते.

“आई, डबीत काय होतं?”

“कोणत्या डबीत?”

“पर्समधल्या.”

ती चप्पल काढत होती, तशीच थांबली. “मागं आली होती का वं तू माह्या?”

मग तिनं सांगितलं. देवळातल्या एका बाईनं माझी पत्रिका बघून दिली होती. उपाय एकच. शनिवारी काळ्या कुत्र्याला तेलाची पोळी. “अन् काळा कुत्रा तर घरातच होता.”

“मला का नाही सांगितलं?”

“तू हसली असती. एकच तर पोळी वं. सहा दिवस फिक्कं खाते बिचारा. म्हटलं, देवाचंही होते अन् त्याच्याही तोंडाले चव येते.”

“आई, डॉक्टर म्हणाले होते ना, तेल नाही.”

“बारा वर्षांत त्यानं कधी नमस्कार केला होता का?” तिचा आवाज चढला. “पोळी सुरू केली अन् दुसऱ्याच दिवशी करायला लागला. डॉक्टर म्हणे पोटदुखी. मले वाटलं, याले काय समजते! उपाय लागू पडून राहिला असं वाटलं मले.”

पोळी, मग नमस्कार. शनिवार, मग रविवार. मी वही करून दीड महिना जे शोधत होते, ते तिनं कधीच जोडून ठेवलं होतं. फक्त तिचं उत्तर वेगळं होतं.

मी वही तिच्याकडे सरकवली. तिनं एकेका रविवारवर बोट ठेवलं, मग त्याच्या आदल्या दिवसावर. बोट पानाच्या तळाशी थांबलं.

“म्हणजे मीच?”

कोळसा तिच्या पायाशी बसला होता आणि तिच्या पर्सकडे बघत होता.

बाबा उठले आणि तिला पाणी आणून दिलं. माझ्याकडे बघून म्हणाले, “झाली का चौकशी?” मी म्हणाले, उद्या पोहे घरी आणा. ते म्हणाले, “वास घेशील ना पण?” या वेळी ते हसत होते.

रविवारी दुखायला लागायच्या आत आम्ही कोळशाला घेऊन दवाखान्यात होतो. सगळं आईनंच सांगितलं, काही न लपवता. मला वाटलं होतं डॉक्टर तिला बोलतील. त्यांनी इंजेक्शन भरता भरता म्हटलं, “तेल देवाले चालते काकू. याले नाही चालत.”

“मग उपाय?” आईनं त्यांनाच विचारलं.

“पोटात जायला नाही पाहिजे. बाकी तुम्ही अन् तुमचा देव.”

दोन महिने झाले. लायपेज उतरलं आहे. उलटी नाही. लो-फॅट खाद्य आता त्याच कपाटातून येतं, भात-चिकनसोबत अर्धं अर्धं. तारीख मी अजून वाचते. हे जेवण आमच्या कुत्र्याचं आहे, तुमच्या कुत्र्याचं तुमच्या डॉक्टरांना विचारा. पण त्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारा, त्याला तुम्ही कधी आणि कशासाठी देता. काय देता, एवढंच विचारलंत तर सगळे म्हणतील, काही नाही. आमच्या घरात कुणीही खोटं बोललं नव्हतं. आईच्या लेखी ते खाणं नव्हतंच.

आई अजून शनिवारी त्याला देवळात नेते. मीही जाते सोबत. बायका विचारतात, काय सुरू आहे. मी सांगते, शोधून राहिली. आई तेलात बोट बुडवते आणि कोळशाच्या दोन कानांच्या मधे टेकवते. तिथे त्याची जीभ पोचत नाही, हे तिनं आधी तीन दिवस पाणी लावून बघितलं होतं.

मागच्या रविवारी सकाळी तो अंथरुणावरून उठला आणि पुढचे पाय पसरून वाकला. बाबांचा पोह्यांचा घास हातात राहिला. मी वही ओढली. आई देवघरातून आली, त्याच्याजवळ खाली बसली आणि हात जोडण्याऐवजी त्याच्या पोटाखाली हात घातला. हळूच दाबून बघितलं.

“मऊ आहे,” ती म्हणाली. “आळस देऊन राहिला.”

कोळशानं जांभई दिली, उभा राहिला आणि रिकामं भांडं नाकानं ढकललं.