भोंग्यातले सर आणि गार झालेला चीक

सोलरवाल्या पोरानं लिहिलंय म्हणल्यावर तुम्हाला वाटलं असंल, की आता हा सांगणार: शाळेत अंधार होता, मंग आम्ही आलो, बटन दाबलं, लेकरायच्या तोंडावर उजेड पडला अन् हेडमास्तरानं डोळे पुसले. तसं काही न्हाई. एक तर बटन दाबलं तेव्हा सकाळ होती, अन् बाहेर ऊन असं की ट्यूबलाइट लागली का न्हाई हे हात आडवा धरून बघावं लागलं. दुसरं, लेकरं नव्हतीच. अन् हेडमास्तरानं डोळे पुसले न्हाईत, मला धुतलं. पण ते शेवटी.

जिल्ह्यातल्या झेडपीच्या शाळांवर सोलर बसवायचं काम निघालं, तेव्हा मी आयटीआय करून परतूरला घरी बसलेलो. लागलो कामाला. काम सगळं उन्हाळ्याच्या सुट्टीत. वर ड्रिल चालू असताना खाली कोण पाढे म्हणणार? केदारखेड्याकडच्या शाळा झाल्या, मंग वाटूरकडच्या. इतक्या शाळा पाहिल्या, पण शाळेत लेकरू एक न्हाई पाहिलं. बाकावर कोरलेली नावं, खिडकीत वाळून गेलेली बोरं, फळ्याच्या कोपऱ्यात ‘मुले, मुली, एकूण हजर’, तेही शेवटच्या दिवशीचं तसंच. मामाच्या गावाला गेलेल्या लेकरायचा पाहुणा झाल्तो मी.

आता माझ्याकडं भांडवल म्हणशाल त एकच. नकला. शाळेत असताना गणिताच्या सरांची शिंक मी अशी काढायचो की सर सोता खिशातला रुमाल चाचपायचे. पण नकलेला समोर माणूस लागतो. एकट्यानं केली की ती नकल न्हाई राहत, नुसती बडबड होती. हे मला त्या गावात कळलं.

वाटूर फाट्यापासून आत हाय ते गाव. सोबतीला चाचा होते, आमचे जुने इलेक्ट्रिशियन. आम्ही दोघांनी मिळून छतावर लोखंडी सांगाडा उभा केला, प्लेटा बसवल्या, वायरी खाली आणल्या. राहिल्या होत्या फक्त बॅटऱ्या, त्यायची गाडी येणार येणार म्हणून येतच नव्हती. तेवढ्यात चाचांच्या भाचीचं लग्न निघालं.

“तू ठैर बेटा. सामान अकेला नक्को छोड. मैं शादी निपटाके आताच.”

चाचा गेले, अन् लग्नातूनच कंपनीच्या सायबानं त्यायला दुसऱ्या शाळेवर पाठवलं. मी राहिलो. शाळेत मी, वरी प्लेटा, अन् व्हरांड्यात एक बेवारस कुत्रं, तेही दुपारी सावली बघून दुसरीकडं जायचं.

हेडमास्तर राहायला जालन्यात. पहिल्या दिवशी किल्ल्या द्यायला आल्ते अन् कुठं पाय द्यायचा, कुठं न्हाई द्यायचा, यावर लई बोलल्ते. बारीक माणूस, आवाज नाकातून, अन् दर वाक्याच्या शेवटी ‘कळलं का? का न्हाई कळलं?’ त्याच्यानंतर रोज त्यायचा फोन यायचा. “बॅटऱ्या आल्या का? न्हाई? बरं. स्लॅबवर कोणाला चढू द्यायचं न्हाई, कळलं का? का न्हाई कळलं?” मी ‘कळलं’ म्हणायच्या आधीच फोन कट. दिवसभरात माझ्याशी बोलणारं माणूस म्हणजे तेवढंच.

स्लॅबवर कोणी चढू नये याला कारण होतं. गावात सगळ्यात मोठा सपाट स्लॅब शाळेचा, अन् दर उन्हाळ्यात गावातल्या बाया त्याच्यावर कुरडया वाळू घालायच्या. चाचा गेले त्याच्या दुसऱ्याच सकाळी त्या आल्या. धुतलेल्या जुन्या साड्या, साचे, चिकाचं पातेलं, सगळं डोक्यावर घेऊन. पुढं शाळेत खिचडी शिजवणारी मावशी.

“बाळा, शिडी धर जरा,” मावशी म्हणली.

अन् मी काय केलं? गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं ना. “सरांची ऑर्डर हाय. वर कोणालाच परवानगी न्हाई.”

“अरे, तुझ्या प्लेटा त्या अंगाला हायेत. ह्या अंगाचा अर्धा स्लॅब मोकळा पडलाय की!”

“ऑर्डर म्हणजे ऑर्डर, मावशी.”

मावशीनं ओळखपत्राकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. “चला गं,” म्हणली. “सायेब आल्याती नवे.”

गेल्या. अन् चार घरं पलीकडं मावशीच्या धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, दाटीवाटीनं कुरडया घालाय लागल्या. ते धाबं शाळेच्या स्लॅबवरून बराबर दिसायचं. रोज सकाळी एक साचा दाबायची, दुसरी साडी ताणायची, तिसरी नुसतीच हसायची. शिजलेल्या चिकाचा वास वाऱ्यावर माझ्यापर्यंत यायचा. घरी आई गरम चीक वाटीत घालून वरून तेल अन् मीठ द्यायची, ते आठवायचं. मी प्लेटा पुसायचो. पुसलेल्या प्लेटा परत पुसायचो. तिकडून हसण्याचा आवाज आला की आपल्यावरच हसल्या असतील, अशी आशा वाटायची. हसू दे की. पण न्हाई, त्यायच्या ध्यानातबी मी नव्हतो.

जाऊन ‘या मावशी, अर्धा स्लॅब घ्या’ म्हणायला काय होतं? काहीच न्हाई. पण एकदा सायेब झाल्यावर परत बाळ कसं व्हायचं, हे आयटीआयला शिकवत न्हाईत.

दुपारी वर्गात बसून मी हजेरी घ्यायचो. सरांच्या आवाजात नंबर पुकारायचा अन् वेगवेगळ्या आवाजात ‘हजर सर’ म्हणायचं. मागच्या बाकावरचा घोगरा, पुढच्या बाकावरची किनरी, एक सर्दीवालं. पंचविसाव्या नंबराला माझाच गळा बसला. कोणी हसलं न्हाई. मलाबी हसू आलं न्हाई.

शेवटी बॅटऱ्या आल्या. गाडीवाल्यानं घाईघाईत उतरवल्या, च्या पी म्हणलं त म्हणे अजून परतूर गाठायचंय. रातच्याला मी जोडणी केली अन् सकाळी इन्व्हर्टर चालू केला. पंखे फिरले. टीव्ही लागला. बिल थकल्यामुळं त्या शाळेची लाइन कवाच कापल्ती, म्हणजे हे सगळं कैक दिवसांनी जिवंत होऊन राह्यलं होतं, अन् बघायला मी एकटा. एवढं मोठं काम झालं अन् ‘वा!’ म्हणायला माणूस न्हाई. चाचांना फोन लावला, लागला न्हाई.

राहिला होता माइक. गावकऱ्यांनी वर्गणी काढून घेतलेला ॲम्प्लिफायर होता, छतावर भोंगा होता. तोबी तपासायचा होताच. मी वायर लांबवली अन् माइक घेऊन स्लॅबवर गेलो.

“हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग,” माझ्या आवाजात म्हणलं. भोंगा खणखणीत. पलीकडच्या धाब्यावर बायायची मान हालली न्हाई. “नमस्कार मंडळी, शाळेत लाइट आलीय,” म्हणलं. साचा फिरूनच राह्यला होता. एकीनं फक्त पदर सारखा केला.

मंग माझा मलाच न कळत आवाज नाकात गेला.

“ऐका! सर्व पालकांनी ताबडतोब शाळेत यायचंय. ताबडतोब म्हणजे ताबडतोब. कळलं का? का न्हाई कळलं?”

सगळ्या माना एकदम वर. मावशी त उभीच राहिली. मला इतका आनंद झाला की मी परत एकदा म्हणलो, वरून सरांसारखं खाकरलो. मला वाटलं, आता ओळखतील, हसतील, एखादी तिकडूनच शिवी देईल. बस, तेवढंच पाहिजे होतं मला.

धाबं मोकळं झालं. अन् बघतो त काय, पलीकडच्या गल्लीतून, मारुतीच्या पारापासून, सगळीकडून बाया निघालेल्या. हातात पिशव्या. कोणाच्या हातात डबा. मागं एकदा सुट्टीतच सरांनी असं भोंग्यावर सांगून शाळेतला तांदूळ अन् मटकी वाटल्ती. गावाला वाटलं, तेच. मी शिडीवरून खाली येईपर्यंत व्हरांडा भरला होता. चार-दोन लेकरंबी होती. त्या सबंध उन्हाळ्यात शाळेत पाहिलेली पहिली लेकरं. खरं सांगतो, त्या येळेला मला भीती वाटाय पाहिजे होती. पण मला दिवाळी वाटली.

मावशी तांदळाच्या खोलीच्या किल्ल्यांचा जुडगा घेऊनच आल्ती. “सर कुठंयत? मला आधी सांगितलं न्हाई त? तांदूळ मोजाया माप लागंल. आत हायेत का?”

“मावशी, बसा ना. पंखा लावतो.”

“पंखा राहू दे. सर?”

मी मान खाली घातली. मावशीनं माझ्याकडं पाहिलं, हातातल्या माइककडं पाहिलं, अन् ब्लाउजातून मोबाइल काढून सरांना लावला. स्पीकरवर.

“सर, तुम्ही गावात हायेत का?”

“मी जालन्यात. भाजी निवडून राह्यलो. का?”

“मंग आत्ता भोंग्यावर नाकातून कोण बोललं तुमच्यासारखं?”

सरांनी मावशीला फोन माझ्यापुढं धरायला लावला. “काय रे ए! माझ्या शाळेत, माझ्या माइकवर, माझा आवाज काढतो? तुला सोलर बसवायला ठेवलं का तमाशा बसवायला? गावाला मी काय उत्तर देऊ? तांदूळ तू देणार का? अन् मी काय असा बोलतो का, नाकातून? कळलं का? का न्हाई कळलं?”

व्हरांड्यात एक बाई फिसकन हसली. मंग दुसरी. मंग पिशव्यांसकट सगळा व्हरांडा.

“कोण हसतंय?” फोन ओरडला.

“कोणी न्हाई सर,” मावशी म्हणली. “पोरानं बराबर काढला पण तुमचा आवाज.” अन् त्या दिवशी पहिल्यांदाच, सरांच्या आधी, तिनं फोन कापला.

मी हसलो. मला वाटलं, सुटलो.

मावशी हसत नव्हती. “हसू नको. चीक तसाच टाकून पळत आले मी. गहू तीन दिस भिजवलेला हाय तो. गार झाला की साच्यातून उतरत न्हाई, कळतंय का? दगड होतो दगड! टाकून द्यायचा का आता?”

“सॉरी मावशी.”

“सॉरी चुलीत घाल. अर्धा स्लॅब दिला न्हाई मेल्यानं, अन् वरून भोंग्यावर ताबडतोब, ताबडतोब! इतके दिस हितं बिस्किटं खाऊन पडलाय, चार घरावर घर हाय माझं, दारात येऊन सांगाया तोंड नव्हतं का? चल. पातेलं उचल अन् आण हिकडं वर. साचा तू दाबायचा. प्लेटा उचलणारे दंड हायेत ना?”

पातेलं आणलं. साड्या प्लेटांच्या शेजारी मोकळ्या अंगाला अंथरल्या. चीक खरंच दगड झाल्ता. परत गरम पाणी घालून, घोटून, जरा मऊ केला, तरी साचा फिरवताना हाताला फोड आले. चार बाया भवती बसल्या अन् माझ्या कुरडया बघून राह्यल्या. एक वाकडी, एक तुटकी, एक नुसताच गोळा. इतक्या दिवसांनी माणसं एवढी जवळ बसलेली, अन् मला काय बोलावं ते सुचत नव्हतं. मी गप दाबत होतो.

मावशीनं चिकाचा एक घास माझ्या हातावर ठेवला, अन् डाफरली.

“काय रे, दातखीळ बसली का आता? मघा भोंग्यावर त लई चालत होतं तोंड. हात चालव, अन् तोंडबी चालव. अन् ती वाकडी कुरडई कोणाच्या डोक्यावर घालणार हायेस? काढ ती, परत घाल!”