एलियाच्या मृदंगाची कणीक

परातीतलं पीठ अर्धं भिजलेलं, अर्धं कोरडं. कृपाबाई हात तसाच पिठात ठेवून दाराकडं बघत बसली होती. हे पीठ मृदंगाला चालायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी सकाळपासून तिचं तेच चाललं होतं. थोडं कोमट पाणी घालायचं, दाबायचं, पुन्हा बघायचं. मिलोचं पीठ ते! दुष्काळात रेशनवर मिळणारी तांबडी ज्वारी. तिची भाकरीसुद्धा थापता थापता फुटायची, मग मृदंगावर ती काय धरणार?

नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार होता. कोल्हारच्या अलीकडं वस्तीवरच्या त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत एक जुनी रीत होती. जो वादक प्रभूकडं गेला, त्याचं वाद्य पुढच्या आगमनकाळात ह्या संध्याकाळी त्याच्या घरून तयार होऊन देवळात यायचं आणि पहिलं पद त्याच वाद्यावर उठायचं. दोन वर्षांमागं थॉमस मास्तर गेले, तेव्हा त्यांच्या मालनबाईंनी पेटीच्या भात्याला स्वतः ठिगळ लावून ती आणली होती. यंदा पाळी कृपाबाईच्या नवऱ्याची, एलियाची. मृदंगाच्या डाव्या तोंडावर कणीक थापल्याशिवाय घुमारा निघत नाही, आणि ती कणीक घरच्या बाईनं मळायची.

राहात्याकडची कृपा लग्न होऊन इथं आली, तेव्हा सासूनं पहिल्यांदा हातात परात दिली ती चपातीसाठी नव्हे, मृदंगासाठी. एलिया दिवसभर लोकांच्या मळ्यात राबायचा. पण संध्याकाळी मृदंग मांडीवर घेतला की त्याचा रुबाबच वेगळा. कणकेला बोट लावून म्हणायचा, "पानी जास्त झालं, कारभारीन." हिला असा राग यायचा! चपात्यांना जन्मात नावं न ठेवलेला माणूस मृदंगाच्या कणकेपुढं मात्र सासूचा अवतार घ्यायचा.

उन्हाळ्यात तो तापानं गेला. ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. आजच्यासाठी म्हणून मूठभर गव्हाचं पीठ तिनं डब्यात राखलं होतं. पण सून दीना बाळंत झाली आणि तिला दूध येईना. काल कृपाबाईनं देवाचं नाव घेतलं, डबा झाडला आणि तिला लापशी करून घातली. त्याचा पस्तावा नव्हता. पण तेव्हापासून जीव काही थाऱ्यावर नव्हता. बसलं तर उठावंसं वाटे, उठलं तर कुठं जावं कळेना.

"वैनी, झाली का कनीक?" कानिफनाथ आत आला. हा शेजारच्या भजनी मंडळाचा गडी; हात एलियाकडं बसवलेला, म्हणून आज तोच वाजवणार होता. त्यानं चिमूटभर गोळा घेतला, मृदंगावर लावला, थाप मारली. गोळा फुटून त्याच्या धोतरावर सांडला.

"ही धरायची न्हाई. गहू न्हाई का घरात?"

"हुता. दीनाच्या पोटात गेला."

"मंग झाक केलं. मृदंग काय बाळंत झाला न्हाई!" तो हसला. कृपाबाई हसली नाही.

"आमच्याकडं बी मिलोच हाय," तो म्हणाला. "गहू आसंल तर मास्तरीनबाईकडं. म्या आनू का मागून?"

"नको."

मास्तरीणबाई म्हणजे मालनबाई. थॉमस मास्तर जन्मभर म्हणायचे, मृदंग मागं लोळतो. एलिया म्हणायचा, पेटी मोकाट पळती. दर आगमनकाळात त्यांचं हे भांडण ऐकून मंडळी हसायची. पण एलियाला पुरून परत येताना मालनबाई डोळे पुसत म्हणाल्या, "आता वर दोघांची लय तरी जमंल." इतर बाया हसल्या. कृपाबाईच्या काळजात ते रुतलं. तेव्हापासून देवळात ती दुसऱ्या भिंतीला बसायची, बोलणं बंद.

"मंग डावं तोंड कोरडंच वाजवतो," कानिफनाथ म्हणाला. "नुसतं टनटन. लोक म्हनत्याल, एलियामागं त्याचा मृदंग मुका झाला."

ते ऐकून कृपाबाई उठली, पुन्हा बसली. "आन् दुसऱ्याच्या पिठाला घरची कनीक म्हनायचं व्हय रं?"

"मळनार तर तुमीच ना?"

आतून दीना म्हणाली, "जावा की, आत्याबाई. मामंजी मास्तरांशी किती बी भांडले, तरी पद सुरू झालं की त्यांच्याच तोंडाकडं बघत वाजवायचे. मास्तर गेल्यावरसुदीक मान तिकडंच वळायची."

हे कृपाबाईनंही पाहिलं होतं. पेटीवर दुसराच कोणी बसलेला, आणि एलियाची मान तरी तिकडं वळलेली. हाताचं पीठ खरवडून तिनं परातीत टाकलं. परातीवर टोपलं पालथं घातलं. त्याच्या भाकरी होतील. तिकडं जाऊन आधी काय बोलायचं हे तिला सुचत नव्हतं, आणि ऊन तर उतरत चाललं होतं.

"माझी वाट बघ. मृदंग न्हेऊ नको," ती कानिफनाथाला म्हणाली, आणि वाटी पदराखाली घेऊन मालनबाईंकडं गव्हाचं पीठ मागायला गेली.