न वाचलेलं पान

अंकलीकर डॉक्टर रोग्याची छाती तपासण्याआधी त्याचं घर तपासत. ते निपाणीत नवे आले तेव्हा लोकांना याचं भारी हसू यायचं. खोकणारी बाई ओसरीवर बसलेली, आणि डॉक्टर आपले स्वयंपाकघरात वाकून धूर जायला वाट आहे का बघतायत! "आधी घर दाखवा, मग छाती," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. एका खोलीत किती माणसं निजतात, पाणी कुठून आणता, घरात शेवटी कोण जेवतं, असं ते विचारत. शेवटच्या प्रश्नावर बायका पदराआड हसायच्या, कारण उत्तर सगळ्या घरांत एकच होतं.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. मला शिकवलं ते माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, तंबाखूच्या वखारीत राबून. ती तंबाखू चाळायला चाळणीवर बसायची. वाऱ्यानं माल उडू नये म्हणून वखारीची दारंखिडक्या बंद असत, आणि आत खकाणा, तंबाखूची बारीक धूळ, असा भरलेला असे की समोरच्या बाईचा चेहरा दिसू नये. आक्का नाकातोंडाला पदर गुंडाळायची, तरी घरी आली की अंगणातच खाली बसून खोकत राहायची. वैद्यांनी काढे दिले, शेजाऱ्यांनी नशिबाला बोल लावला. शेवटी मी तिला अंकलीकरांकडे नेलं.

त्यांनी विचारलं, "हा खोकला वखारीत आणखी कुणाकुणाला आहे?"

"कुणाला न्हाय ते इचारा, डॉक्टर," आक्का म्हणाली.

ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, हा खोकला एकटीचा नाही. एकटीला औषध देऊन तो जायचा नाही." असं आमच्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं. त्या एका बोलण्यावर मी त्यांच्यामागे कुठंही गेले असते.

आणि गेलेच. वखारीतल्या बायकांच्या घरोघर जाऊन सगळं लिहून काढायचं त्यांनी ठरवलं. "पुरुषाला त्या सांगणार नाहीत. तुम्ही विचारा, तुम्हीच लिहा." तो सगळा उन्हाळा आम्ही गल्लीबोळ हिंडलो. डॉक्टर दाराबाहेर जोडे काढून उभे राहत, लहान पोरांशी गप्पा मारत. मी आत बसून विचारत असे. मी त्यांच्यातलीच, आक्काची बहीण, म्हणून बायका नवऱ्यालाही न सांगितलेलं सांगायच्या. गंगव्वा नावाची बाई तर माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "सकाळी मिसरी लावती, मग भूक लागत न्हाय. पोरास्नी भाकरी पुरती. पर सासूला कळू देऊ नगंस, बाई." मी तेही वहीत उतरवलं.

वखार आतून बघायची परवानगी डॉक्टरांनी दोनदा मागितली, मिळाली नाही. म्हणून आक्कानं आणि इतर बायकांनी तिथल्या खकाण्याविषयी जे सांगितलं, ते मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं. डॉक्टरांनी ते वाचून मान डोलावली होती.

मग बायकांना धीर आला. खिडक्या उघडा आणि दुपारी घटकाभर मोकळ्या हवेत बसू द्या, एवढं मागणारा अर्ज त्यांनी सरकारकडे केला. तालुक्याहून एक अधिकारी चौकशीला आले. धर्मशाळेत मागच्या बाजूला बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. डॉक्टरांची साक्ष होती म्हणून त्या निर्धास्त होत्या.

डॉक्टरांनी वही उघडली. अक्षर माझं, आवाज त्यांचा. खोल्या अंधाऱ्या आहेत. चुलीचा धूर घरात कोंडतो. बायका शेवटी जेवतात, तेही पोटभर नाही. काही जणी भूक मारायला मिसरी लावतात. "या बायकांच्या छातीचं दुखणं त्यांच्या राहणीतून आलेलं आहे," ते म्हणाले. गंगव्वाचं नाव त्यांनी घेतलं नाही, पण तिनं स्वतःला ओळखलं. ती डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मी शेवटच्या पानाची वाट बघत होते. त्यांनी वही मिटली.

मी त्यांना धर्मशाळेच्या पायरीवर गाठलं. "डॉक्टर, वखारीचं पान राहिलं."

"वखार मी आतून बघितलेली नाही, बाई. न बघितलेलं कसं सांगू?"

"आक्काची छाती बघितलीत की!"

त्यांनी नजर चुकवली. "वखारवाले बायकांसाठी दवाखाना बांधून देणार आहेत. सगळं एकदम मागून चालत नाही. मी एक तरी शब्द खोटा बोललो का?"

नव्हते बोलले. तेच मला आजही सहन होत नाही.

खिडक्या बंदच राहिल्या. मी गंगव्वाच्या दारात गेले, तर ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "आमचं घर तू उघडं केलंस, आन् वखार झाकून ऱ्हायली. जा आता." त्या गल्लीत मला पुन्हा कुणी आत बोलावलं नाही.

दवाखाना मात्र झाला. डॉक्टर तिथं मन लावून काम करत. आक्काचा खोकला उसळला की स्वतः चालत घरी येत. मी आतल्या खोलीत निघून जायची. आक्का म्हणे, "माणूस वाईट न्हाय गं, शांते. भ्यालंय त्ये." तिला माफ करता आलं. मला नाही. पुढं ते बेळगावला, टिळकवाडीत राहायला गेले.

स्वातंत्र्य तोंडावर आलं होतं तेव्हा शाळेच्या कामासाठी मी बेळगावला गेले होते. टिळकवाडीच्या एका रस्त्यावर ते समोरून आले. हातात काठी होती, पण मला लगेच ओळखलं.

"आक्का कशा आहेत?"

"गेली. गेल्या थंडीत."

"कशानं?"

मयताच्या नोंदीत 'दमा' असं लिहिलं होतं. मी म्हणाले, "वखारीच्या खकाण्यानं."

त्यांनी रस्त्यावर मागंपुढं बघितलं, कुणी नव्हतं. मग हळूच म्हणाले, "होय."

हा एक शब्द ऐकायला त्या दिवशी धर्मशाळा भरून बायका बसल्या होत्या. आता ऐकायला मी एकटीच होते.